आईंच्या डोक्यावरचं हेल्मेट

फोटोची काच धुऊन लाल दिव्यासमोर धरली आणि थोरलीच्या तोंडून निघालं, "मेले!"

सकाळी स्टुडिओत जमवलेलं सगळं घर काचेवर आलं होतं, त्यात काही वाद नाही. मधल्या खुर्चीत सासूबाई, शेजारी नणंद, मागे लष्करी गणवेशातला धाकटा दीर, कडेला मिशांना पीळ दिलेले जावईबापू आणि त्यांच्या पलीकडे मान अवघडून उभी असलेली ती स्वतः. पण या सगळ्यांच्या खांद्यांवर, मांड्यांवर, डोक्यांवर आणखी एक घोळका उभा होता. हेल्मेट घातलेल्या, कमरेला रुंद पट्टे बांधलेल्या, पाण्याची जाडजूड नळी खांद्यावर घेतलेल्या बायका. काल बंबखान्यावर जाऊन तिनंच त्यांचा फोटो काढला होता. काचेवर काळ्याचं पांढरं आणि पांढऱ्याचं काळं दिसतं, नवख्या माणसाला त्यात काही उमगत नाही. पण थोरलीचा जन्मच या धंद्यातला, तिला ते एका नजरेत वाचता येई. तिनं दुसरी काच उचलली. तिच्यावरही तेच. घरची माणसं आणि आग विझवणाऱ्या बायका एकमेकांत अशा मिसळलेल्या की कोणाचा हात कोणाच्या खांद्याला आहे ते सांगणं मुश्किल.

तिला आधी रडू आलं. मग डोळे पुसून पुन्हा पाहिलं तर सासूबाईंच्या डोक्यावर हेल्मेट असं बेतून बसलं होतं की रडता रडताच तिला हसू फुटलं. भर लढाईत, दुकान हातचं जायच्या दिवशी, एकटी बाई काळ्या खोलीत खिदळतेय. बाहेर कोणी ऐकलं असतं तर डोकं फिरलं बिचारीचं, असंच म्हणाले असते.

आणि दुकान खरंच हातचं जायची वेळ आली होती. थोरला, म्हणजे तिचा नवरा, आघाडीवर गेला आणि पाठोपाठ सासऱ्यांच्या, म्हणजे दादांच्या, गुडघ्यांनी असहकार पुकारला, तेव्हापासून स्टुडिओ थोरली एकटीच ओढत होती. सुरुवातीला बरं चाललं. नवरा आघाडीवर गेलेली प्रत्येक बाई ठेवणीतला पोशाख घालून यायची, रंगवलेल्या पडद्यापुढे बसायची आणि फोटो लिफाफ्यात घालून पाठवायची. पुढे ठेवणीतले पोशाख विटले आणि बायकांना बसायला वेळ उरला नाही. कोणी कारखान्यात, कोणी बसच्या आगारात, कोणी इस्पितळाच्या धोबीखान्यात. मग थोरलीनं कॅमेरा उचलला आणि तीच त्यांच्याकडे जायला लागली. दादांना हे मुळीच पसंत नव्हतं. "फोटोला माणूस आपल्या पायांनी चालत येतो," ते म्हणायचे. "आपण त्याच्या मागे धावलो तर आपल्यात आणि फेरीवाल्यात फरक काय राहिला?"

त्यातच काल नणंद आणि जावईबापू येऊन धडकले. निमित्त धाकट्याच्या रजेचं. त्याला एका दिवसाची रजा मिळाली होती आणि आज दुपारच्या गाडीनं तो परत जायचा होता. पण येताना दोघं एक बेतही बरोबर घेऊन आले होते: स्टुडिओला कुलूप लावायचं आणि लढाई संपेपर्यंत सगळ्यांनी त्यांच्या गावी येऊन राहायचं. तिकडे भोंगे वाजत नाहीत, खिडक्यांना कागद चिकटवावे लागत नाहीत. वाईट मनानं म्हणत नव्हते हो कोणी. दादाही अर्धेअधिक तयार झाले होते. आढेवेढे घेता घेता त्यांनी थोरलीला एवढंच म्हटलं होतं, "आज संध्याकाळी त्या माहिती खात्याच्या बाई येणार आहेत ना? त्यांनी तुझा फोटो प्रदर्शनाला घेतला तर दुकान तुझ्या ताब्यात. नाही घेतला तर उद्या मुकाट्यानं आमच्याबरोबर गाडीत बसायचं."

त्या बाईंचं प्रदर्शन होतं लढाईच्या दिवसांतल्या बायकांवर. ज्याचा फोटो लागेल त्याला सरकारी कोठारातून काचा मिळणार होत्या. बाजारात तर त्या औषधालाही उरल्या नव्हत्या. थोरलीचे आधीचे फोटो बाईंनी पाहिले होते आणि नाक मुरडलं होतं. "काम दिसतंय, पण सगळ्यांचे चेहरे बघा, जसं काही घरात कोणी आजारी आहे! लोकांना धीर यायला हवा. काम करणाऱ्या पण हसत्या बायका आणा मला." म्हणून थोरली काल बंबखान्यावर गेली होती. तिथल्या बायका हसायला कोणाची वाट बघत नाहीत. दोन फोटो झक्क मिळाले होते. काल नळाला पाणी नव्हतं म्हणून काचा धुवायच्या राहिल्या, इतकंच.

आणि आज सकाळी दादांनी जाहीर केलं होतं, "घरचा फोटो मी काढणार. सूनबाई, तू आज गिऱ्हाईक." ती खूश होऊन खुर्च्यांच्या मागे जाऊन उभी राहिली होती. दादांनी मांडणीवरून होल्डर उचलले, कॅमेऱ्यात सरकवले, एक फोटो काढला, डोळे कोणी मिटले असतील म्हणून दुसरा काढला. होल्डर म्हणजे काच आत ठेवायची चपटी लाकडी डबी. तिला सरकती झडप असते, झडपेची एक बाजू पांढरी, दुसरी काळी. फोटो काढला की झडप उलटी करून घालायची, म्हणजे कोणती काच कोरी आणि कोणती वापरलेली हे बघताक्षणी कळतं.

बघताक्षणी कळतं खरं. पण ते बघणाऱ्याला.

थोरलीनं कागद काचेखाली दाबून एक प्रत छापली, पाण्याच्या थाळीत टाकली आणि थाळी तशीच हातात घेऊन काळ्या खोलीचं दार ढकललं.

स्वयंपाकघरात सगळी मंडळी होती. आई, म्हणजे सासूबाई, स्टुलावर चढून खिडकीच्या तावदानांवर कागदाच्या पट्ट्या चिकटवत होत्या. नणंद बटाटे सोलत होती. धाकटा बुटांना पॉलिश करत होता. जावईबापू वर्तमानपत्र मोठ्यानं वाचून दाखवत होते आणि कोणी ऐकत नव्हतं. दादा पाय बाकावर पसरून खुर्चीत बसले होते.

"झाला का गं फोटो?" आई स्टुलावरूनच म्हणाल्या. "त्याची गाडी चुकायची."

"झालाय," थोरली म्हणाली. "जरा जास्तच झालाय."

तिनं थाळी टेबलावर ठेवली. सगळ्यांनी माना पुढे केल्या. पहिल्यांदा कंठ फुटला तो जावईबापूंना. त्यांनी चष्मा चढवला, उतरवला, परत चढवला.

"अहो, हे माझ्या मिशांखाली दात कोणाचे? आणि त्यातला एक पडलेला!"

"बंबखान्यावरच्या मुख्य बाई आहेत त्या," थोरली म्हणाली. "हसतायत."

"माझ्या तोंडातून?"

आई स्टुलावरून उतरल्या. हात पुसून त्यांनी थाळी आपल्याकडे ओढली. "आणि हे माझ्या डोक्यावर काय आहे? पातेलं?"

"हेल्मेट आहे, आई."

"अगं बाई!" आईंनी मान तिरकी करून स्वतःला न्याहाळलं. "पण शोभतंय की गं मला!"

धाकटा इतका हसला की बुटाच्या ब्रशनं त्याच्या गालावर काळा पट्टा ओढला गेला. त्याच्या फोटोतल्या गळ्याभोवती पाण्याच्या नळीचे दोन वेढे पडले होते. "हा फोटो मी साहेबांना दाखवतो," तो म्हणाला. "म्हणतो, बघा, घरीसुद्धा मला बांधून ठेवतात."

नणंद मात्र हसली नाही. तिच्या हातातला बटाटा तसाच राहिला. "त्याच्याबरोबरचा एकच फोटो होता वहिनी," ती म्हणाली. "परत कधी बसणार आहोत असे सगळे?"

आईंनी थाळी हळूच टेबलाच्या मध्यावर सरकवली.

दादांनी ओली प्रत बोटांत धरून डोळ्यांजवळ नेली. "एका काचेवर दोनदा उजेड पडलाय," ते म्हणाले. "माझ्या दुकानात हे असं कधी झालं नव्हतं. कोणाची चूक ही?"

"कोणाची म्हणजे?" जावईबापूंनी वर्तमानपत्राची घडी घातली. "होल्डर भरून ठेवतं कोण? मी दोष देत नाही हो वहिनी तुम्हाला. पण मी कालपासून काय सांगतोय? एकट्या बाईनं दुकान सांभाळायचं, रात्री भोंग्याला उठायचं, दिवसा कॅमेरा पाठीवर टाकून गाव पालथं घालायचं. माणूस आहे, होणारच चूक. कुलूप लावा म्हणतो ते काय उगाच?"

"पण मी काहीच चुकले नाही," थोरली म्हणाली.

"झडपेची पांढरी बाजू बाहेर होती," दादा ठासून म्हणाले. "मी डोळ्यांनी पाहिली. पांढरं म्हणजे कोरं."

"काय दादा! पांढरं म्हणजे वापरलेलं! उजेड दाखवून झालेलं. काळं म्हणजे कोरं, आत अजून अंधार आहे असं. आमच्याकडे पहिल्यापासून असंच करतात."

"आमच्याकडे?" दादांनी भुवया वर नेल्या. "आमच्याकडे म्हणजे कुठे?"

थोरलीनं जीभ चावली. आमच्याकडे म्हणजे माहेरी, तिच्या वडिलांच्या स्टुडिओत. इथे आल्यावर काचा धुणं, फोटो छापणं, सगळं तिनं केलं होतं. पण होल्डरना हात लावायचे ते बापलेकच. थोरला गेल्यावर काळ्या खोलीत एकटी काचा भरायला लागली तेव्हा तिचे हात आपसूक माहेरच्या वळणानं चालले. विचारायला कोणी नव्हतं आणि दुसरं कोणी कॅमेरा उचलत नव्हतं, त्यामुळे आजवर कोणाचं काही अडलंही नव्हतं.

"घ्या!" नणंद म्हणाली. "इतकी वर्षं झाली, हिचं 'आमच्याकडे' अजून तिकडेच!" म्हणता म्हणता तिला आपलंच बोलणं टोचलं असावं, कारण ती परत बटाट्याकडे वळली.

"माझ्या दुकानात," दादा एकेक शब्द सुटा करत म्हणाले, "माझ्या मांडणीवर, मला न सांगता दुसऱ्याच घरची पद्धत?" ते रागावले होते त्यापेक्षा दुखावले जास्त होते. थोरलीला ते दिसत होतं. फोटो गेला, आता दादाही गेले, म्हणजे उद्या गाडीत बसायचंच.

"ऐकून घ्या जरा," मध्येच आई म्हणाल्या. त्या सहसा दुकानाच्या गोष्टीत पडत नसत. "कप कसे ठेवता तुम्ही?"

"कसले कप?"

"चहाचे. धुतल्यावर फळीवर. मी पालथे ठेवते. माझ्या आईकडे पालथेच ठेवायचे, धूळ बसत नाही. तुमच्या आईकडे उताणे ठेवायचे. लग्न होऊन आले तेव्हापासून मी रोज ते पालथे ठेवते आणि तुम्ही रोज सकाळी उठून, मला न सांगता, एकेक करून उताणे करता. मला काय माहीत नाही होय?"

"वास धरतात पालथे ठेवले की," दादा पुटपुटले.

"धरू देत. सांगायचं एवढंच, की माझी अख्खी उमर या घरात गेली तरी कपांच्या बाबतीत मी अजून आमच्याकडचीच आहे. ही तर कालची पोर. आणि तुम्ही होल्डर उचललेत तेव्हा, सूनबाई हे कोरे ना, इतकं विचारलं असतंत तर काय तुमची मिशी खाली आली असती?"

"आई, खरं सांगतेस?" धाकटा डोळे विस्फारून म्हणाला. "मला वाटायचं घरात भूत आहे. रात्री कप पालथे, सकाळी उताणे."

नणंदेला हसू आवरेना. तिनं ते आवरायचा प्रयत्नही केला, पण नाकातून फुर्र झालं आणि मग तीही सामील झाली. जावईबापूंनी बायकोकडे असं पाहिलं, जणू ही आता आपल्या पक्षातून फुटली. फुटलीच होती ती.

"म्हणजे दादाही बरोबर, वहिनीही बरोबर आणि फोटो तेवढा चुकला," धाकट्यानं निवाडा दिला. "आमच्या पलटणीत सगळं असंच चालतं."

फोटोकडे बघतच दादा म्हणाले, "मांडणीवर एक काळ्या बाजूचा होता. मला वाटलं तो तू वापरून धुवायचा ठेवलायस. मनात म्हटलंसुद्धा, बघा, आळस!"

थोरली ताडकन पुढे झाली. "दादा, तो कोरा आहे! तुम्ही उघडला नाहीत ना?"

"कशाला उघडू? बाजूला ठेवलाय."

एक काच शिल्लक होती! थोरलीला क्षणभर आभाळ ठेंगणं झालं. आणि दुसऱ्याच क्षणी तिला कळलं की काच एक आणि काढायचे फोटो दोन, एक प्रदर्शनाचा, एक घरचा. सगळे तोच हिशेब करत होते.

"वहिनी, तू घे," धाकटा म्हणाला. "पळ बंबखान्यावर. माझा काय, हा आहे की गळफासवाला."

थोरलीनं त्याच्याकडे पाहिलं. गालावर पॉलिशचा पट्टा, एका पायात बूट, दुसऱ्यात नुसता मोजा. ती लग्न होऊन आली तेव्हा हा तिच्या मागे मागे काळ्या खोलीत यायचा, अंधाराची भीती वाटते म्हणून तिचा हात धरून उभा राहायचा. तिला दुकान हवं होतं. इतकं हवं होतं की उद्याच्या गाडीचं नाव काढलं तरी तिच्या डोळ्यांत पाणी यायचं. सकाळी उठून झडपा तपासायच्या, कॅमेरा खांद्यावर टाकायचा, कोणत्या बाईला कुठे गाठायचं ते ठरवायचं. एवढं स्वतःचं असं तिला आयुष्यात दुसरं काही मिळालं नव्हतं. पण तिनं मान हलवली.

"घरचाच काढायचा," ती म्हणाली. "वन्सं म्हणतात ते खरं आहे. बसा सगळे, मी होल्डर आणते."

"अगं पण त्या बाई संध्याकाळी..." नणंद म्हणाली.

"येतील आणि जातील."

तेवढ्यात मागच्या दारावर थाप पडली. थापच म्हणायची, नाही तर दार आत यायचं बाकी होतं. "आहे का कोणी? का सगळे तळघरात?" असा खणखणीत आवाज आला आणि आवाजामागून मुख्य बंबवाली आत आली. अंगावर गणवेश, बाह्या कोपरापर्यंत, काखेत हेल्मेट, नाकाच्या शेंड्यावर काजळी. "आमचा फोटो झाला का? पोरींनी सकाळपासून डोकं खाल्लंय माझं."

थोरलीनं थाळीकडे बोट दाखवलं. बंबवाली वाकली. तिनं फोटो बघितला, मग जावईबापूंना बघितलं, परत फोटो बघितला, आणि अशी हसत सुटली की खिडकीच्या तावदानांनी आईंच्या पट्ट्या सोडल्या नाहीत हेच नशीब.

"अहो साहेब, माझं हसू परत करा की! तुम्हाला काय उपयोग त्याचा?"

जावईबापू लाजून लाल झाले. आणि काय आश्चर्य, हसले. त्यांच्या बायकोनंसुद्धा त्यांना इतकं मोकळं हसताना पुष्कळ दिवसांत पाहिलं नव्हतं.

थोरलीनं झालेला घोटाळा सांगितला. बंबवाली हळहळली. "परत काढू म्हटलं तर आज जमायचं नाही गं. निम्म्या जणी गोदीवर आहेत, पहाटेपासून धुमसतंय तिकडे. मी आपली डोळे चोळायला घरी चालले होते." पण गेली नाही. खुर्ची ओढून बसली आणि नणंदेच्या टोपलीतला बटाटा उचलून सोलायला लागली. "रिकामे हात मला जमत नाहीत," ती म्हणाली. सालं एका लांब पट्टीत उतरत होती. नणंदेनं ते बघितलं आणि ईर्ष्येनं आपलाही हात भरभर चालवला.

आईंचं लक्ष मात्र टेबलावरच्या हेल्मेटकडे होतं. त्यांनी ते बोटानं वाजवून पाहिलं. उचलून पाहिलं. "जड आहे गं," म्हणाल्या. मग इकडेतिकडे बघितलं आणि सरळ डोक्यावर चढवलं. "काय? फोटोतल्यासारखं दिसतंय का?"

"आई, सलाम!" धाकट्यानं एका बुटावर उभं राहून कडक सलाम ठोकला. आईंनीही कागदाच्या पट्ट्यांची गुंडाळी हातात घेऊन सलाम परत केला. बंबवाली मांडीवर थाप मारून हसली, नणंद सालं सांडत हसली.

"कोणी हलू नका!" थोरली ओरडली.

आवाज असा निघाला की सगळे जागच्या जागी थिजले. जावईबापूंचा चहाचा कप तोंडापाशी थांबला. हा आवाज या घरानं जन्मभर ऐकलेला होता, फक्त तो दादांचा होता.

"नाही, हला," थोरली घाईघाईनं म्हणाली, "बाहेर चला. मागच्या अंगणात, तिथे उजेड आहे. बटाटे घ्या. स्टूल घ्या. आई, हेल्मेट काढायचं नाही! भाऊजी, दुसरा बूट घालू नका."

"हे काय भलतंच?" जावईबापू म्हणाले.

"त्या बाईंना काम करणाऱ्या हसत्या बायका हव्यात. आणि वन्संना भावाबरोबर सगळं घर हवंय. काच एकच आहे." एवढं सांगून ती कॅमेरा आणायला धावली.

अंगणात पायऱ्यांवर मंडळी कशीबशी मावली. आई स्टुलावर, बंबवाली आणि नणंद मध्ये टोपली घेऊन, धाकटा खालच्या पायरीवर बूट हातात घेऊन. दोरीवर धुणं लोंबत होतं. जावईबापू ते गोळा करायला धावले.

"राहू द्या ते," थोरली म्हणाली.

"अहो वहिनी, सरकारी प्रदर्शनात माझे पायमोजे? तेही भोकांसकट?"

"लढाईच्या दिवसांतलेच आहेत ना? मग राहू द्या. तुम्ही तिथेच उभे राहा, धुणं घेऊन."

दादा काठी टेकत बाहेर आले होते. त्यांच्या चेहऱ्यावर संताप लिहिलेला होता. मागे पडदा नाही, खुर्च्यांची ओळ नाही, एक बाई काजळी फासलेली, दुसरी हेल्मेट घातलेली, आणि ती दुसरी म्हणजे त्यांची बायको! ते तडक कॅमेऱ्यापाशी गेले. थोरली बाजूला झाली. दादांनी डोक्यावर काळं कापड ओढलं आणि आत गेले.

ते बराच वेळ आत राहिले. कॅमेऱ्याच्या दुधी काचेवर माणसं उलटी दिसतात, डोकी खाली, पाय वर. त्या उलट्या माणसांत दादांनी आजवर किती खुर्च्या पुढेमागे केल्या असतील, किती माना वळवल्या असतील, त्याला गणती नाही. आता ते सांगणार, टोपली हलवा, धुणं काढा, बायकोला स्टुलावरून खाली उतरवा. थोरली वाट बघत राहिली. पायऱ्यांवर बंबवाली कोणत्या तरी आगीची गोष्ट सांगत होती आणि नणंद तोंडावर हात ठेवून "अय्या, खरंच?" म्हणत होती.

दादा कापडातून बाहेर आले. केस विस्कटलेले.

"सूनबाई," ते म्हणाले, "मला यात काही हलवावंसं वाटत नाही."

थोरलीला वाटलं आपण नीट ऐकलं नाही. पण दादांनी मागे वळून, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हटलं, "जावईबापू, तुमचं कुलूप तुमच्याकडेच ठेवा. संध्याकाळी ती बाई फोटो घेवो न घेवो. काचांसाठी मी जुन्या ओळखीच्या दारांत जाऊन बसेन, गुडघे गेले चुलीत. आणि दुकानात पद्धत एकाचीच चालते, हे मी आधीही म्हणत होतो. आजपासून काळं म्हणजे कोरं."

उजेड ढगाआड चालला होता. थोरलीनं होल्डर कॅमेऱ्यात सरकवला आणि मग म्हणाली, "दादा, तुम्ही जरा तिकडे व्हा."

"हो, हो." दादा दोन पावलं बाजूला सरले. "आता?"

"अजून तिकडे. फोटोत."

"मी?" दादा म्हणाले. "मी कशाला? मी कधी..."

"अहो दादा, या की!" बंबवालीनं सरकून जागा केली. धाकट्यानं उठून त्यांचा हात धरला आणि त्यांना आईंच्या स्टुलामागे नेऊन उभं केलं. दादा उभे राहिले. गावातल्या निम्म्या माणसांना ज्यांनी उभं राहायला, बसायला, मान उचलायला शिकवलं होतं ते दादा काठी या हातातून त्या हातात घेत होते. एक हात खिशात घातला, काढला. पाठीमागे नेला, परत पुढे आणला. थोरली झडप ओढायला वाकली होती, ती थांबली.

"सूनबाई," दादांनी विचारलं. त्यांचा आवाज अगदी बारीक झाला होता. "हात कुठे ठेवायचे गं माझे?"

"आईंच्या खांद्यावर, दादा."

दादा घुटमळले. अंगणात सगळी माणसं त्यांच्याकडे बघत होती.

"ठेवा की!" आई हेल्मेट सावरत मागे न बघता म्हणाल्या. "जन्मभर दुसऱ्यांच्या नवऱ्यांना शिकवलंत."

दादांनी हात ठेवले, आणि ते काढून घ्यायच्या आत थोरलीनं फोटो काढला.